बारा मिलिमीटरचं अंतर

“माझा नंबर मायनस ८ आहे, शिवाय ३ चा सिलिंडर. कॉन्टॅक्ट लेन्स लावल्या तर चष्म्यापेक्षा चांगलं दिसेल की वाईट?” मोठा नंबर असलेला जवळपास प्रत्येक जण हा प्रश्न कधी ना कधी विचारतो. कोणी बारावीनंतर विचारतं, कोणी नोकरीच्या पहिल्या वर्षी, कोणी लग्न ठरल्यावर. उत्तरं मात्र उलटसुलट कानांवर येतात. मावसबहीण सांगते, लेन्स लावल्या आणि बसवरची पाटी एकदम मोठी दिसायला लागली. ऑफिसातला मित्र सांगतो, सकाळी लख्ख दिसायचं, दुपारी स्क्रीनवरची अक्षरं पसरायची. शेवटी लेन्स डबीत ठेवून दिल्या.

दोघंही खरंच सांगत असतात. मायनस दीडच्या माणसाला चष्मा की लेन्स हा बहुतेक सोयीचा आणि आवडीचा प्रश्न असतो. मायनस आठच्या माणसाने लेन्स लावली की त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर पडणारं चित्रच बदलतं. ते काही बाबतींत सुधारतं आणि काही बाबतींत जास्त नाजूक होतं. का, ते समजून घ्यायला आधी कागदावरचा नंबर वाचता यायला हवा.

१. मायनस ८ म्हणजे किती?

डोळ्यात शिरणारा प्रकाश दोन ठिकाणी वळतो. पहिलं ठिकाण म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक पडदा. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. प्रकाश वळवण्याचं जवळजवळ दोन तृतीयांश काम एकटा कॉर्निया करतो. उरलेलं काम आतलं नेत्रभिंग करतं. दोघांनी मिळून वळवलेले किरण नेमके मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, एकत्र यायला हवेत.

प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. निकटदृष्टितेत तो बहुधा वाजवीपेक्षा लांब वाढलेला असतो, त्यामुळे किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. डोळ्याची लांबी एका मिलिमीटरने वाढली की नंबर ढोबळमानाने अडीच ते तीनने वाढतो. म्हणजे मायनस ८ चा डोळा नेहमीच्या डोळ्यापेक्षा जेमतेम तीन मिलिमीटर लांब असतो. मायनस ६ आणि त्यापुढच्या नंबराला डॉक्टर तीव्र निकटदृष्टिता म्हणतात.

नंबराचं एकक डायोप्टर. त्याचा हिशेब सोपा आहे: १०० ला नंबराने भागा, येईल तितक्या सेंटिमीटरपर्यंतच चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. मायनस २ असेल तर ५० सेंटिमीटर. मायनस ८ असेल तर साडेबारा. मायनस १० असेल तर फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे पुस्तक नाकाला टेकायला आलेलं. त्यापलीकडचं सगळं धूसर, आणि जितकं लांब तितकं जास्त धूसर.

हा हिशेब ढोबळ आहे. अंतर डोळ्यापासून मोजायचं की चष्म्याच्या काचेपासून, हा प्रश्न त्यात सोडून दिला आहे. मोठ्या नंबरात तोच प्रश्न महत्त्वाचा ठरतो, त्याकडे तिसऱ्या भागात येऊ.

२. सिलिंडर कुठून आला?

जेवणाचा चमचा पालथा धरून पाहा. दांड्याच्या दिशेने त्याची पाठ सावकाश वळते, आडव्या दिशेने झटकन वळते. कॉर्नियाचा आकार असा झाला की त्यातून जाणारा प्रकाश एका बिंदूत एकत्र येऊच शकत नाही. कमी वळणाच्या दिशेतले किरण एका अंतरावर मिळतात, जास्त वळणाच्या दिशेतले त्याच्या बरेच अलीकडे. हेच दृष्टिवैषम्य. दिव्याभोवती एकाच दिशेने रेघा फुटलेल्या दिसतात, ‘घ’ आणि ‘ध’ यांची गल्लत होते, आणि पुस्तक जवळ आणलं तरी पूर्ण स्पष्टपणा येत नाही. साध्या निकटदृष्टितेपेक्षा त्याचा हा त्रास वेगळा.

तीव्र निकटदृष्टिता आणि तीव्र दृष्टिवैषम्य एकाच डोळ्यात असलेला इतिहासातला एक प्रसिद्ध माणूस म्हणजे इंग्लंडचे जॉर्ज बिडेल एअरी. पुढे ते ग्रिनिचच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. केंब्रिजमध्ये असताना, वयाच्या पंचविशीच्या आत, त्यांच्या लक्षात आलं की वाचताना आपला डावा डोळा काहीच कामाचा नाही. त्यांनी कागदाच्या पुठ्ठ्याला बारीक भोक पाडलं, त्यातून येणारा प्रकाश त्या डोळ्याने पाहिला आणि पुठ्ठा जवळ-लांब नेत अंतरं मोजली. डोळ्यापासून सहा इंचांवर तो बिंदू एका दिशेची बारीक रेघ होई. साडेतीन इंचांवर तो आधीच्या रेघेला काटकोनात असलेली रेघ होई. मधे कुठेही बिंदू बिंदूसारखा दिसत नसे.

आपला हिशेब त्यांच्या मोजमापाला लावून पाहा. सहा इंच म्हणजे सुमारे १५.२ सेंटिमीटर, १०० भागिले १५.२, म्हणजे साधारण साडेसहा. साडेतीन इंच म्हणजे ८.९ सेंटिमीटर, तिथे उत्तर सव्वाअकरा. एकाच डोळ्याला एका दिशेत मायनस साडेसहा आणि दुसऱ्या दिशेत मायनस सव्वाअकरा! एअरींनी एका बाजूला गोलाकार आणि दुसऱ्या बाजूला नळीसारखं वळण असलेल्या काचेचं गणित मांडलं, ती काच इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिराकडून घासून घेतली आणि १८२५ मध्ये केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. दृष्टिवैषम्य ओळखून, मोजून त्यावर काच देण्याची आज दर चष्म्याच्या दुकानात चालणारी पद्धत या निबंधापासून सुरू झाली.

आता तुमचा कागद वाचता येईल. ‘स्फेरिकल मायनस ८.००, सिलिंडर मायनस ३.००, ॲक्सिस १८०’ असं लिहिलं असेल तर आडव्या दिशेत ८ आणि उभ्या दिशेत ८ अधिक ३, म्हणजे ११. ॲक्सिस ही दिशेची अंशांतली खूण, जादा नंबर तिला काटकोनात असतो. कागदावर अगदी शेवटी लिहिलेला हा आकडा लेन्सच्या बाबतीत सगळ्यांत जास्त त्रास देतो.

३. काच डोळ्याला टेकली की काय होतं?

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते. कॉन्टॅक्ट लेन्स अश्रूंच्या थरावर, थेट कॉर्नियावर बसते. हे १२ मिलिमीटर पुसले गेले की दोन गोष्टी बदलतात: नंबर आणि चित्राचा आकार.

आधी नंबर. मायनस १० ची चष्म्याची काच दूरची वस्तू जणू काचेच्या १०० मिलिमीटर पुढे आणून ठेवते. तो बिंदू डोळ्यापासून १०० अधिक १२, म्हणजे ११२ मिलिमीटरवर आहे. डोळ्यावर बसणाऱ्या लेन्सला दूरची वस्तू त्याच बिंदूवर आणायची आहे, म्हणून तिची ताकद १००० भागिले ११२, म्हणजे ८.९३. चष्मा मायनस १०, लेन्स मायनस ९. मायनस ८ च्या चष्म्याला १२५ अधिक १२, म्हणजे १३७ मिलिमीटर, उत्तर ७.३०. मायनस २ साठी हाच हिशेब १.९५ वर येतो, म्हणजे फरक नगण्य. म्हणूनच लहान नंबरवाल्याने चष्म्याचा आकडा सांगून लेन्स घेतली तर निभावतं. मायनस १० वाल्याने तसं केलं तर तो एक डायोप्टर जास्त ताकदीची लेन्स लावून फिरतो. लांबचं त्याला स्पष्टही दिसतं, कारण तरुण नेत्रभिंग ती जादा ताकद सहन करून घेतं. पण संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागतं. चष्म्याचा कागद पाहून मोठ्या नंबराच्या लेन्स परस्पर मागवणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

याच गणिताने आणखी एक रोजचा अनुभव उलगडतो. मायनस १० चा चष्मा नाकावरून ५ मिलिमीटर घसरला तर सुमारे अर्ध्या डायोप्टरची तूट पडते. मोठ्या नंबराची माणसं सारखी बोटाने चष्मा वर सरकवत असतात, त्यामागे हे खरं कारण आहे. लेन्सला घसरायला जागाच नसते.

सिलिंडरलाही हा हिशेब प्रत्येक दिशेत वेगळा करावा लागतो. आपल्या उदाहरणात आडव्या दिशेतले ८ झाले ७.३०. उभ्या दिशेतले ११ झाले ९.७२. दोन्हींतला फरक उरला २.४२. चष्म्यात ३ असलेला सिलिंडर लेन्समध्ये अडीचच्याही खाली आला, कोणी चूक न करता. लेन्सच्या खोक्यावर कमी सिलिंडर पाहून अनेकांना दुकानदारावर शंका येते. तशी गरज नाही.

पण दुकानात ७.३० आणि २.४२ अशा लेन्स नसतात. मायनस ६ च्या पुढे बऱ्याच सॉफ्ट लेन्स अर्ध्या अर्ध्या टप्प्यांत येतात. सिलिंडर बहुधा ०.७५, १.२५, १.७५ आणि २.२५ असे ठरावीक असतात, काही कंपन्या २.७५ देतात, त्यापुढच्या लेन्स मागणीनुसार बनवून घ्याव्या लागतात. म्हणजे आपल्या माणसाला ७.०० किंवा ७.५० यांतली एक निवडून सिलिंडर २.२५ वर भागवावं लागेल. चष्म्याची काच तुमच्याच आकड्याची घासून मिळते, तयार लेन्स जवळच्या आकड्याची असते. या तडजोडीमुळे काही जणांना लेन्समधून किंचित कमी धारदार दिसतं, विशेषतः रात्री, बाहुली मोठी झाल्यावर.

आता दुसरा बदल, चित्राचा आकार. मायनस काच वस्तू लहान दाखवते, आणि ती डोळ्यापासून जितकी लांब तितकं जास्त. मोठ्या नंबराच्या माणसाचे डोळे चष्म्याआड बारीक दिसतात, तसंच त्याला सगळं जगही थोडं लहान दिसत असतं. तो लहानपणापासून तेच पाहतो, म्हणून त्याला ते जाणवत नाही. मायनस ८ चा चष्मा काढून लेन्स लावली की चित्र साधारण १० टक्क्यांनी मोठं होतं (१३७ भागिले १२५, तेच आकडे). मायनस १० ला १२ टक्क्यांनी. मावसबहिणीला पाटी मोठी दिसली ती अशी. तपासणीच्या तक्त्यावर पूर्ण ओळ खाली उतरायला हे पुरत नाही, दोनेक अक्षरं मात्र जास्त वाचता येतात. ज्यांना चष्मा लावूनही ६/६ दिसत नाही, त्यांच्यासाठी ती दोन अक्षरं मोलाची असतात.

४. काचेच्या कडेकडून

चष्म्याच्या मध्यातून पाहिलं तर चित्र उत्तम असतं. कडेकडून पाहिलं की मोठ्या नंबराची काच प्रकाश भलतीकडे वाकवते. मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूला मायनस ८ ची काच एक मीटरवरची वस्तू ८ सेंटिमीटर सरकवून दाखवते. जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकणं, रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवावी लागणं यामागे हेच आहे. काच पातळ व्हावी म्हणून वापरलेल्या काही द्रव्यांत रंगही फुटतात, त्यामुळे ट्यूबलाइटच्या कडेला निळी-पिवळी झालर दिसते. फ्रेमच्या बाहेरचं तर धूसरच.

कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबर फिरते. नजर कुठेही गेली तरी तुम्ही जवळपास तिच्या मध्यातूनच पाहता. दुचाकी चालवताना आरशाकडे नुसती नजर टाकली तरी पुरतं, हेल्मेटमध्ये काचा धुकट होत नाहीत. एका डोळ्याला मायनस २ आणि दुसऱ्याला मायनस ९ असा मोठा फरक असेल तर फायदा आणखी ठळक असतो. चष्म्यातून अशा दोन डोळ्यांची चित्रं कडेला वेगवेगळी सरकतात आणि मेंदूला ती जुळवणं जड जातं. अशा माणसांनी लेन्सचा विचार आवर्जून करावा.

किंमत मोजावी लागते ती जवळच्या कामात. मायनसचा चष्मा वाचताना डोळ्याला गुपचूप मदत करत असतो. मायनस ८ वाल्याला ३३ सेंटिमीटरवरचं वाचायला चष्म्यातून सुमारे २.४ डायोप्टरचा जोर लावावा लागतो, लेन्समधून २.९ चा. डोळे आत वळवण्याचं कामही लेन्समध्ये थोडं वाढतं. विशीत हे कळतही नाही. चाळिशीच्या आसपास नेत्रभिंगाचा ताठरपणा वाढलेला असतो, तेव्हा चष्म्याने आरामात वाचणारा माणूस लेन्स लावल्यावर मोबाइल लांब धरायला लागतो. लेन्सने डोळे बिघडले असं नव्हे. चाळिशी आलेलीच होती, चष्म्याने ती वर्षभर लपवली होती.

५. टॉरिक लेन्स फिरते तेव्हा

सिलिंडर नसलेली गोल लेन्स डोळ्यावर कशीही फिरली तरी फरक पडत नाही. सिलिंडर असलेल्या, म्हणजे टॉरिक लेन्सला मात्र दिशा असते, आणि प्रत्येक पापणी मिटण्याबरोबर तिला धक्का बसतो. म्हणून कंपन्या तिचा खालचा भाग थोडा जाड करतात किंवा वर-खाली पातळ पट्टे ठेवतात, म्हणजे पापण्याच तिला जागेवर आणतात. लेन्सवर बारीक खुणाही असतात, कुठे खाली, कुठे दोन्ही बाजूंना. तज्ज्ञ डोळा मोठा करून दाखवणाऱ्या स्लिट लॅम्पखाली त्या खुणा पाहून लेन्स किती अंश वळून बसली आहे ते मोजतो.

थोडं वळणं किती महागात पडतं? लेन्स १० अंश फिरली तर सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश फायदा जातो. २.२५ च्या सिलिंडरमध्ये पाऊण डायोप्टरचं दृष्टिवैषम्य परत येतं, तेही नव्याच दिशेत. ३० अंश फिरली तर सगळाच फायदा संपतो. लेन्स नसताना जेवढं दृष्टिवैषम्य होतं, तेवढंच उरतं. सिलिंडर ०.७५ असेल तर १० अंशांची चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. मोठ्या सिलिंडरवाल्यांना मात्र घडी घडी बदलणारं दिसतं: कुशीवर पडून टीव्ही पाहताना अक्षरं पसरतात, उठून बसल्यावर दोन-चार पापण्या मिटल्या की जुळतात. ऑफिसातल्या मित्राची निम्मी तक्रार बहुधा अशीच असणार.

यावर उपाय आहे. लेन्स दर वेळी त्याच दिशेत तितकीच वळून बसत असेल तर तज्ज्ञ ॲक्सिसच तेवढा बदलून देतो. म्हणजे चष्म्यात १८० असताना लेन्सवर १७० लिहिलेलं दिसलं, तर तो मुद्दाम केलेला बदल असू शकतो. लेन्स कधी इकडे, कधी तिकडे फिरत असेल तर वेगळ्या वक्रतेची किंवा वेगळ्या बनावटीची लेन्स लावून पाहावी लागते. लेन्स घातल्याबरोबर निर्णय देऊ नये. ती पंधरा-वीस मिनिटं डोळ्यावर स्थिरावू द्यावी, मग नंबर तपासावा, आणि त्या दिवशी दुकानाबाहेर थोडं चालून, मोबाइल पाहून, मान वळवून यावं. पहिली लेन्स नीट बसली नाही म्हणून सगळ्याच टॉरिक लेन्सना नाव ठेवणारी माणसं खूप भेटतात. त्यांना दुसरी लेन्स लावून पाहण्याची संधीच मिळालेली नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

६. कडक लेन्स आणि अश्रूंची साथ

कडक लेन्सच्या गोष्टीत सुरुवातीलाच एक अत्यंत मोठ्या नंबराचा तरुण भेटतो. जर्मनीत कील इथे वैद्यक शिकणाऱ्या आउगुस्ट म्युलरचा नंबर सुमारे मायनस १४ होता. १८८९ मधल्या प्रबंधात त्याने स्वतःच्या डोळ्यांसाठी घासून घेतलेल्या काचेच्या लेन्सचं वर्णन केलं. त्या अर्ध्या तासापलीकडे सहन होत नसत. काच प्राणवायू आत जाऊ देत नाही, आणि कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसल्यामुळे तो प्राणवायू मुख्यतः हवेतून घेतो. अर्ध्या तासात म्युलरचा कॉर्निया गुदमरत होता.

१९६१ च्या नाताळात प्रागमध्ये रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी मुलांच्या मेकॅनो प्रकारच्या खेळण्यापासून घरीच यंत्र जुळवलं आणि पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या लेन्स ओतल्या. आजच्या सॉफ्ट लेन्स तिथून आल्या. त्या आरामदायक असतात, कारण कॉर्नियाच्या आकाराला त्या लपेटून बसतात. पण त्यामुळेच कॉर्नियाचं वाकडेपण त्यांच्यावरही उमटतं. सिलिंडर त्यांच्या घडणीतच घालावा लागतो.

कडक, पण प्राणवायू आरपार जाऊ देणारी लेन्स वेगळं काम करते. आपल्याकडे तिला सेमी-सॉफ्ट म्हणतात. ती कॉर्नियापेक्षा लहान असते आणि स्वतःचा गोल आकार सोडत नाही. तिच्या आणि वाकड्या कॉर्नियाच्या मधल्या फटीत अश्रू भरतात आणि अश्रूंचा हा थर वाकडेपणा भरून काढतो. अश्रू आणि कॉर्निया जवळपास सारख्याच प्रमाणात प्रकाश वळवतात, म्हणून कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागाचं सुमारे ९० टक्के दृष्टिवैषम्य नाहीसं होतं. लेन्स कितीही फिरली तरी बिघडत नाही, कारण ती गोलच आहे. मोठ्या सिलिंडरला इतकी स्थिर आणि धारदार नजर सहसा दुसरी कोणतीच लेन्स देत नाही.

मात्र दृष्टिवैषम्य आतल्या नेत्रभिंगामुळे असेल तर ही युक्ती चालत नाही. म्हणून आधी केरॅटोमीटरने कॉर्नियाचं वळण मोजतात. चष्म्यात ३ आणि कॉर्नियावरही ३ असेल तर सेमी-सॉफ्ट उत्तम. चष्म्यात ३ आणि कॉर्निया जवळजवळ गोल, तर सॉफ्ट टॉरिक बरी. सेमी-सॉफ्ट पहिले काही दिवस खुपते, तिच्याखाली धूळ गेली तर पाणी येतं. सवयीला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. हल्ली दुकानांत तिचं नावही कोणी काढत नाही. मोठ्या सिलिंडरवाल्याने ते स्वतःहून काढावं.

किशोरवयात किंवा विशीत सिलिंडर दरवर्षी वाढत असेल, डोळे चोळायची सवय असेल आणि चष्मा बदलूनही समाधान होत नसेल तर कॉर्नियाचा नकाशा काढून घ्यावा. कॉर्निया पातळ होऊन पुढे सुळका काढणारा केरॅटोकोनस नावाचा आजार असाच सुरू होतो. त्याची वाढ थांबवण्यासाठी आपल्याकडे सीथ्रीआर म्हणून ओळखला जाणारा उपचार आहे, आणि नजरेसाठी सेमी-सॉफ्ट किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स.

७. कोणता धूसरपणा कसला?

लेन्स लावून धूसर दिसतं, एवढं सांगून तज्ज्ञाला काहीच कळत नाही. धूसरपणा कधी येतो आणि कशाने जातो, ते सांगावं.

पापणी मिटली की क्षणभर स्वच्छ आणि मग पुन्हा धूसर, असं होत असेल तर लेन्स कोरडी पडते आहे किंवा तिच्यावर थर साचला आहे. स्क्रीनकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, एसीत अश्रू लवकर उडतात. दुपारची तक्रार इथली. मान कलली की धूसर, सरळ केली की ठीक, असं असेल तर टॉरिक फिरते आहे. सतत एकसारखं धूसर असेल तर ताकद चुकली आहे, किंवा दोन डोळ्यांच्या लेन्सची अदलाबदल झाली आहे, किंवा लेन्स उलटी घातली आहे. लेन्स काढून चष्मा लावल्यावरही तासभर धूसर राहत असेल तर कॉर्निया सुजतो आहे किंवा लेन्सच्या दाबाने त्याचा आकार बदलतो आहे. ही तक्रार कधीही अंगावर काढू नये.

मोठ्या नंबरात हा शेवटचा धोका जास्त का? मायनस लेन्स मध्यात पातळ आणि कडेला जाड असते. नंबर जितका मोठा तितकी कड जाड, त्यात टॉरिकचा जाड तळ. जाडीतून प्राणवायू कमी जातो आणि उपाशी कॉर्नियात कडेने बारीक रक्तवाहिन्या शिरायला लागतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स जुन्या मऊ लेन्सपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू जाऊ देतात. मायनस ८ वाल्याने लेन्स घेताना रंग आणि किंमत यांच्या आधी द्रव्य विचारावं.

लेन्स लावून झोपू नये. नळाचं, विहिरीचं किंवा तरणतलावाचं पाणी लेन्सला लागू देऊ नये. त्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो आणि त्याने कॉर्नियाला होणारा संसर्ग महिनोन्‌महिने छळतो. डबीत कालच्या द्रावणावर नवं द्रावण ओतू नये. रंगपंचमीला लेन्स काढून ठेवाव्यात. हे नियम सगळ्यांनाच आहेत, पण मोठ्या नंबरवाल्यांकडून ते एका खास कारणाने मोडले जातात: त्यांच्याकडे चालू नंबराचा चष्माच नसतो. लेन्स सुरू झाल्यावर चष्मा बदलायचा राहून जातो. मग एखाद्या सकाळी डोळा लाल होतो, टोचतो, उजेड सहन होत नाही, आणि तरीही माणूस लेन्स लावून कामाला जातो, कारण त्याशिवाय त्याला रस्ताही दिसत नाही. लाल डोळ्यावरच्या त्या एका दिवसात कॉर्नियावर कायमचा पांढरा डाग उरू शकतो. लेन्सच्या खर्चात एका साध्या फ्रेममधल्या अद्ययावत चष्म्याचा खर्च धरलाच पाहिजे.

८. लेन्स जिथे पोहोचत नाही

लेन्सने नजर ६/६ झाली तरी डोळा आत लांबच असतो. ताणलेला पडदा कडेला विरळ होतो, कधी त्याला भोक पडतं, कधी तो मागच्या थरापासून सुटतो. मधला भागही वयानुसार झिजू शकतो, आणि काचबिंदूची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. नंबराचं ऑपरेशन करून घेतलेल्यांनाही हे लागू आहे. चष्मा गेला, लांबी राहिली. सर्वांत चांगल्या लेन्सनेही ६/९ किंवा ६/१२ च्या पुढे नजर जात नसेल तर दर वेळी दोष लेन्सचा नसतो, पडदाच तितकं टिपत असतो.

म्हणून मायनस ६ च्या पुढच्या माणसाने, दिसण्यात काही तक्रार नसली तरी, बाहुली मोठी करून पडदा तपासून घेण्याचं वेळापत्रक डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. बहुतेकांना ते वर्षातून एकदा असतं. तपासणीला जाताना चष्मा आणि लेन्सची डबी बरोबर न्यावी, कारण थेंब टाकण्याआधी लेन्स काढाव्या लागतात आणि पुढचे काही तास लावता येत नाहीत. त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नये. आणि मधल्या काळात कधी अचानक काळे ठिपके वाढले, अंधारात विजेसारखे चमकारे दिसले किंवा एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखं वाटलं, तर वेळापत्रकाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. पडदा सुटताना दुखत नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणून थांबणं घातक ठरतं. तो मधल्या भागापर्यंत सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचण्याची शक्यता खूपच चांगली असते.